गेरूची रेघ : मिलानची भिंत आणि अजिंठ्याची भिंत

चित्रकलेविषयीं आपल्याकडे जीं व्याख्यानें होतात व जे लेख लिहिले जातात, त्यांत एक विधान इतक्या वेळां आलेलें आहे कीं तें आतां कोणी तपासूनहि पाहत नाहीं. तें विधान असें कीं, इटलींतील चित्रकार चित्राला हात घालण्यापूर्वीं अभ्यास करी. माणूस समोर बसवून त्याचें मस्तक, त्याचा हात, त्याच्या वस्त्राची चुणी खडूनें कागदावर पुनः पुनः काढून पाही, आणि मग भिंतीकडे वळे. आमचा प्राचीन चित्रकार मात्र ध्यानांत मूर्ति पाही आणि ती एकदम भिंतीवर उतरवी. कोणी हें अभिमानानें सांगतो, कोणी खेदानें. विधान दोघांचें एकच. पुरावाहि दोघे एकच देतात. इटलीचे कच्चे आराखडे हजारोंनीं जपलेले आहेत, अजिंठ्याचा एकहि कागद कोणीं पाहिलेला नाहीं.

हा पुरावा पारखण्यापूर्वीं इटलीचा तो कच्चा आराखडा म्हणजे काय वस्तु आहे, हें जवळून पाहिलें पाहिजे. इ. स. १४९५ च्या सुमारास मिलानचा ड्यूक लुदोविको स्फोर्त्सा याच्या इच्छेवरून लिओनार्दो दा व्हिंची यानें सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहांतील भिंतीवर ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचें चित्र आरंभिलें. तें १४९८ च्या सुमारास पुरें झालें. प्रसंग बहुतेकांच्या परिचयाचा आहे. शिष्यांपैकींच एकाच्या हातून आपला घात होणार, असें ख्रिस्त भोजनाच्या पंक्तींत सांगतो आणि बारा जणांत एकदम खळबळ उडते. चित्रकाराची अडचण येथेंच होती. एकच वाक्य बारा माणसें बारा प्रकारांनीं ऐकतात; ते बारा चेहरे आणावे कोठून?

लिओनार्दोनें ते खडूनें शोधले. त्याच्या मृत्यूनंतर, १५१९ सालीं, त्याचे सारे कागद फ्रांचेस्को मेल्झी या शिष्याकडे गेले. पुढें पोंपेओ लेओनी या शिल्पकारानें त्यांतील पुष्कळ एका मोठ्या वहींत चिकटविले. आणि सतराव्या शतकांत ती वही इंग्लंडांत पोंचून राजघराण्याच्या विंडसर येथील संग्रहांत स्थिरावली. त्या संग्रहांत या भोजनचित्राचीं कांहीं थोडीं अभ्यासचित्रें आहेत. फिलिप या शिष्याचें मस्तक काळ्या खडूनें काढलेलें आहे; तरुण, जवळजवळ एका अंगानें दिसणारा चेहरा, ओठ किंचित् विलग झालेले. थोरल्या याकोबाचें मस्तक तांबड्या खडूचें आहे आणि तें फार घाईनें काढलेलें दिसतें. केस मोकळे, तोंड उघडें, दृष्टि खालीं. त्याच कागदाच्या कोपऱ्यांत लिओनार्दोनें लेखणीनें एका इमारतीचा बुरुजासारखा भाग काढून ठेवला आहे. आज कांचेआड ठेवलेल्या त्या कागदापुढें लोक हलक्या आवाजांत बोलतात. काढणाऱ्याला मात्र तो हिशेबाच्या कागदाहून अधिक पवित्र वाटत नव्हता. यहूदाचें मस्तक तांबूस रंग दिलेल्या कागदावर तांबड्याच खडूनें काढलेलें असून मान वळल्यामुळें तिच्या शिरा ताणलेल्या आहेत. पीटरच्या नुसत्या बाहीचा आणि हाताचा एक अभ्यास आहे, काळ्या खडूचा.

हा खडू कसला, हेंहि सांगितलें पाहिजे, कारण पुढच्या गोष्टीचा धागा त्यांतच आहे. काळा खडू म्हणजे कर्बयुक्त मऊ पाषाण. तांबडा खडू म्हणजे लोहाचा अंश असलेली माती, कांडीसारखी कापलेली. थोडक्यांत सांगावयाचें तर तो गेरू. ज्या गेरूनें आपण तुळशीवृंदावन रंगवितों व ओट्याची कड ओढतों, त्याचाच तो सख्खा भाऊ. त्यापूर्वींचे इटालियन चित्रकार बहुधा रुप्याच्या टोंकदार काडीनें, लेप दिलेल्या कागदावर आराखडे काढीत. ती रेघ बारीक व नेटकी उठे, पण एकदां उठली कीं सहसा पुसतां येत नसे, आणि गालावरची सांवली तिनें साधावयाची तर रेघांमागून रेघा ओढाव्या लागत. खडू बोटानें पसरतो, दाबला तर गडद होतो, आडवा धरला तर सांवली देतो. चेहऱ्यावरून क्षणांत सरकून जाणारा भाव धरावयाचा असेल त्याला हेंच साधन हवें होतें. तांबड्या खडूचा असा मुक्त उपयोग करणाऱ्यांत लिओनार्दो हा अगदीं आरंभींचा होय.

मग तो भिंतीकडे गेला, आणि तेथें त्यानें एक धाडस केलें. ओल्या चुन्यावर रंग देण्याची इटलीची जुनी रीत अशी कीं, एका दिवसांत जेवढें रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळीं लावावयाचा आणि तो वाळण्याच्या आंत काम उरकावयाचें. थांबत, विचार करीत, पुनः बदलीत काम करणाऱ्या लिओनार्दोला ही घाई मानवणारी नव्हती. त्यानें कोरड्या भिंतीवरच चिकट द्रव्यांत कालवलेले रंग दिले. त्याचें फळ त्याच्या हयातींतच दिसूं लागलें. १५१७ सालीं तेथें आलेल्या एका प्रवाशानें चित्र बिघडत असल्याची नोंद केली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वासारीला तें केवळ डागांचा पसारा वाटलें. १६५२ सालीं मठवासीयांनीं भिंतींत दार पाडलें आणि त्यांत ख्रिस्ताचे पाय गेले. १७२६ व १७७० सालीं दुरुस्तीच्या नांवाखालीं त्यावर परके रंग चढले. १९४३ च्या ऑगस्टांत बाँबवर्षावांत भोजनगृहाचें छप्पर व एक बाजू कोसळली. वाळूच्या पोत्यांआड ही एक भिंत उभी राहिली. पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या बाईंनीं १९७७ पासून १९९९ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षें, परके रंग कणाकणानें उतरविले, आणि जेथें मूळचें कांहींच उरलें नव्हतें तेथें फिकट जलरंगाचा नुसता आधार दिला. तात्पर्य, फिलिपचे ओठ लिओनार्दोच्या हातचे जसे होते तसे आज पाहावयाचे असतील तर भिंत उपयोगाची नाहीं. विंडसरचा कागदच पाहावा लागतो. धर्मचित्र झडलें आणि त्याची पूर्वतयारी टिकली, असा हा उलटा न्याय आहे.

आतां अजिंठ्याकडे येऊं. तेथें आम्हांस नेणारी व्यक्ति इटलीच्याच वाटेनें आलेली आहे. क्रिस्तिआना हेरिंगहॅम, ज्या पुढें लेडी हेरिंगहॅम झाल्या, या इंग्रज विदुषीनें १८९९ सालीं चेन्नीनो चेन्नीनी याच्या जुन्या इटालियन ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. चेन्नीनोनें इ. स. १४०० च्या सुमारास लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे चित्रकाराच्या कारखान्यांतील पाठ आहे: कागद कसा रंगवावा, सरस कसा करावा, भिंतीवर कोळशानें आकार कसा मांडावा व मग तो तांबड्या मातीनें कसा पक्का करावा. पीडमाँट प्रांतांतून येणाऱ्या काळ्या मऊ दगडानें रेखाटन करण्याची सूचनाहि त्यांत आहे. हेरिंगहॅमबाई केवळ भाषांतर करून थांबल्या नाहींत. त्यांनीं ते पाठ स्वतःच्या हातानें करून पाहिले. अंड्याच्या बलकांत रंग कालवून चित्रें काढणाऱ्या कलावंतांचें एक मंडळ १९०१ सालीं इंग्लंडांत निघालें, त्यांत त्या अग्रभागीं होत्या.

अशी बाई १९०६ सालीं प्रथम अजिंठ्यास आली, आणि १९०९ ते १९११ या काळांतील दोन हिवाळे फर्दापूरजवळ तंबू ठोकून राहिली. बरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा असे कलकत्त्याचे तरुण विद्यार्थी होते; हैदराबादेहून सय्यद अहमद व महंमद फझलुद्दीन आले होते. अजिंठा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता; परभणी, नांदेड, बीड हे जिल्हे ज्या औरंगाबाद सुभ्यांत मोडत त्याच सुभ्यांत तीं लेणीं होतीं. त्यांनीं नकला घेतल्या, त्या १९१५ सालीं ग्रंथरूपानें निघाल्या. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें काम नकलांचें नाहीं. रंग झडलेल्या जागीं पांढऱ्या लेपावर जी तांबडी रेघ उघडी पडलेली होती, ती या बाईंनीं ओळखली. तिच्याआधीं तेथें पोंचलेल्या पुष्कळांना ती चित्राची दुर्दशा वाटली असेल. ज्यानें चेन्नीनोचे पाठ गिरविले होते त्याला तें चित्राचें पहिलें पान दिसलें.

अजिंठ्याचा क्रम असा आहे. लेण्याची भिंत छिन्नीच्या घावांनीं खडबडीत ठेवलेली. तिच्यावर मातीचा गिलावा. त्यांत दगडाची कच, भाताचें तूस, गवताचे व वनस्पतींचे तंतु. त्यावर चुन्याचा पातळ पांढरा थर. या पांढऱ्या थरावर तांबड्या रंगानें सारें चित्र रेखाटलेलें. त्यावर हिरवट मातीचा पातळ हात, ज्यांतून खालची तांबडी रेघ अंधुक दिसत राही. मग एकेक रंग. आणि शेवटीं काळ्या वा तपकिरी रेघेनें आकार पुन्हां निश्चित केलेला. म्हणजे एकाच आकृतीला दोन रेघा आहेत, एक आरंभाची व एक शेवटची, आणि त्यांच्यामध्यें चित्रकाराचा सारा विचार आहे. हे रंग बहुतेक मातीचे: गेरू, पिवळी माती, या काळ्या दगडाच्या पोटांतच सांपडणारी हिरवी माती, दिव्याची काजळी. एक निळाच तेवढा दूर बदक्शानाहून आला.

एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. अजिंठ्याचीं चित्रें ओल्या चुन्यावरचीं, असें ग्रिफिथ्स यांच्यासारखे जाणते लोक एकोणिसाव्या शतकांत समजत. १९३० नंतरच्या दशकांत मद्रासच्या संग्रहालयांतील रसायनज्ञ परमशिवन यांनीं तपासणी करून तीं कोरड्या थरावर, चिकट द्रव्यांत कालवलेल्या रंगांनीं काढलेलीं असल्याचें दाखविलें. म्हणजे लिओनार्दोनें ज्या पद्धतीचें धाडस केलें, तीच पद्धत अजिंठ्याच्या चित्रकारांनीं हजार वर्षें आधीं पत्करली होती; आणि रंग निसटण्याचा जो शाप मिलानला भोंवला, तोच येथेंहि भोंवला. शापानें लाभहि झाला. रंग निसटला म्हणून रेघ दिसली.

दुसरें एक कारण इतिहासाचें आहे. अजिंठ्याचीं उत्तरकालीन लेणीं पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतलीं, वाकाटक राजा हरिषेण याच्या अमदानींतलीं. त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम. १९९९ सालीं हिंगोली वेगळी होईपर्यंत परभणी जिल्ह्याची उत्तर सीमा वाशीमच्या मुलखाला भिडलेली होती, इतकें तें जवळ. सोळाव्या क्रमांकाचें लेणें हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानें खोदविलें. वॉल्टर स्पिंक यांनीं आयुष्यभर अभ्यास करून असें मत मांडलें कीं, हा सारा पसारा हरिषेणाच्या थोड्या वर्षांच्या राज्यांत उभा राहिला, आणि ४७७ च्या सुमारास तो वारल्यावर राज्याबरोबर कामहि कोलमडलें. या कालगणनेवर विद्वानांत वाद आहे. पण काम अर्धें टाकून लोक उठून गेले, हें लेणींच सांगतात: अर्धवट कोरलेले खांब, अर्धवट घडविलेल्या भिंती, न रंगविलेल्या जागा. यजमान गेला, पैसा आटला, रेखाटणारा हात थांबला. राजधानींतील एका मृत्यूमुळें ज्यांवर पुढचा हात फिरला नाहीं, अशा जागा आज आम्हांस चित्रकाराच्या कारखान्यांत डोकावूं देतात.

मग तो आराखडा भिंतीवरच होता, कागदावर नव्हता, याचें कारण साधें आहे. पांचव्या शतकांत या देशांत कागदच नव्हता. इटलींतहि स्वस्त कागद आला तेव्हांच चित्रकाराला शंभर डोकीं काढून त्यांतील एक निवडण्याची चैन परवडली. आणि ते कागद टिकले ते वासारीसारख्या हौशी संग्राहकांमुळें, ज्यानें थोर चित्रकारांचीं रेखाटनें मुद्दाम जमवून वहींत लावलीं. साधन नव्हतें म्हणून साधना नव्हती, असा निष्कर्ष काढणें हें शाळेंत पाटीवर हिशेब करणाऱ्या मुलाला, तुझी वही कोठें आहे, असें दरडावून नापास करण्यासारखें आहे.

आपल्याकडे रेखाटनाची कांडी होती, याला ग्रंथाचाहि आधार आहे. तो अजिंठ्याहून सहाशें वर्षें अलीकडचा आहे, हें लक्षांत ठेवूनच तो घ्यावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यांत आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग मोडत होता, त्यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्यांत चित्रकर्माच्या प्रकरणीं वर्तिका सांगितली आहे. काजळ शिजलेल्या भातांत मळून, त्याची वात वळून ती कांडी करावयाची, आणि तिनें प्रथम आकार मांडावयाचा, रंग मागाहून. भाताच्या शितांना ग्रंथकार सिक्थ म्हणतो, आणि आमचें शीत हें त्याच शब्दाचें लेकरूं. ज्वारीच्या या मुलखांत त्या काळीं राजाच्या चित्रकारालाच काय तो खडूसाठीं भात शिजविणें परवडत असेल! विनोद सोडला तरी गोष्ट खरी आहे: पीडमाँटचा काळा दगड जें काम करी, तें येथें काजळाची वात करीत होती.

एवढें सांगितल्यावर उलट टोंकाला जाण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. अजिंठ्याची तांबडी रेघ आणि फिलिपचें मस्तक हीं दोन्हीं एकच नव्हेत. तांबडी रेघ चित्राची मांडणी ठरविते; कोण कोठें उभा, कोणाचा हात कोठें, हत्तीची सोंड कोठें वळते. फिलिपचें मस्तक एका विशिष्ट मनुष्याचें आहे. मिलानमधील कोणी तरुण खिडकीच्या उजेडांत बसला होता, त्याच्या गालाचें हाड तसेंच होतें. असा एका व्यक्तीचा, समोर बसवून केलेला अभ्यास अजिंठ्याच्या भिंतीवर दिसत नाहीं. तेथील राजा, दासी, भिक्षु हे ओळखूं येतात ते जातीनें व भावानें, व्यक्ति म्हणून फारसे नाहींत. इटलीच्या चित्रकारानें संताला शेजाऱ्याचा चेहरा दिला. आमच्या चित्रकारानें तें कधीं इच्छिलेंच नाहीं. पण हात, बोटें, मानेची वळणें, पाठमोऱ्या बसलेल्या स्त्रीचा कणा, हीं पाहिल्याशिवाय काढतां येत नाहींत. तीं कोणी तरी कोठें तरी पुष्कळ वेळां काढून पाहिलीं होतीं. धुळींत, फळीवर, जुन्या भिंतीवर. समाधींत बसून बोटाचें पेर सांपडत नसतें.

या दोन देशांची तुलना पूर्वींहि झालेली आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या नकला करविल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच. सोळाव्या लेण्यांतील मूर्च्छित राणीच्या चित्रापुढें ग्रिफिथ्स इतके हेलावले कीं, त्यांनीं फ्लॉरेन्स व व्हेनिस यांची नांवें काढून, रेखाटन फ्लॉरेन्सचें व रंग व्हेनिसचा सरस ठरेल, पण भाव दोघांनाहि याहून अधिक आणतां आला नसता, अशा अर्थाचें मत दिलें. ही राणी म्हणजे नंदाची पत्नी सुंदरी, आणि पति भिक्षु झाल्याची खूण म्हणून त्याचा मुकुट समोर आल्यावर ती कोसळते आहे, असें आतां अभ्यासक मानतात. ग्रिफिथ्स यांचें मत वाचून आपले लोक हरखून गेले, तें योग्यच होतें. परंतु त्या गौरवांत रेखाटनाचा मान फ्लॉरेन्सलाच दिलेला आहे, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. आरंभीं सांगितलेलें विधान अशाच उदार वाक्यांतून आपल्या अंगवळणीं पडलें असावें, असा आमचा तर्क आहे.

ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांचें नशीब मात्र मिलानच्या अगदीं उलट. तेरा वर्षांच्या त्या मेहनतीचा मोठा भाग १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगींत जळाला. त्यापूर्वीं रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ सालीं क्रिस्टल पॅलेसच्या आगींत गेल्याच होत्या. मिलानला भिंत गेली आणि कागद राहिला. येथें नकला विलायतेंत जळून गेल्या आणि दीड हजार वर्षांची भिंत डोंगरांत राहिली.

ती राखण्यासाठीं पुन्हां इटलीलाच बोलवावें लागलें. निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या कारकीर्दींत, १९२० सालीं लॉरेन्झो चेक्कोनी हे दुरुस्तीचे तज्ज्ञ, काउंट ओर्सीनी यांच्यासह अजिंठ्यास आले, आणि १९२२ पर्यंत काम चाललें. सुटलेला गिलावा त्यांनीं भिंतीला पुन्हां बसविला, कडा बांधून घेतल्या. ते तेव्हां आले नसते तर आज पाहण्यास किती उरलें असतें कोण जाणे. त्याचबरोबर त्यांनीं चित्रांवर लाखेचें रोगण चढविलें. नकला घेणाऱ्यांनींहि पूर्वीं रंग उठून दिसावा म्हणून रोगणाचे हात दिलेले होतेच. वर्षें गेलीं तशीं हीं रोगणें पिवळीं पडलीं, आणि निळे व हिरवे रंग तपकिरीकडे झुकले. पुढें भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना तीं काढण्यासाठीं फार सावकाश श्रम करावे लागले. मिलानच्या भिंतीवर परक्या रंगांनीं जें केलें, तेंच येथें सद्धेतूनें दिलेल्या रोगणानें केलें.

इटलींत पिसा येथें एक स्मशानभूमि आहे. तिच्या चारी बाजूंच्या ओसऱ्यांत जुनीं धर्मचित्रें होतीं. २७ जुलै १९४४ रोजीं तोफेच्या गोळ्यानें छप्पर पेटलें, छपरावरील शिसें वितळून भिंतींवरून ओघळलें. उरलीं सुरलीं चित्रें वांचविण्यासाठीं तीं भिंतींपासून सोलून काढावीं लागलीं, आणि त्यांच्याखालीं तांबड्या मातीचीं मूळ रेखाटनें निघालीं. पांच-सहाशें वर्षें तीं कोणीं पाहिलीं नव्हतीं, कारण ओल्या चुन्याच्या रीतींत रेखाटनावरच शेवटचा गिलावा चढतो. काळ्या समुद्रावरील सिनोपे बंदरांतून पूर्वीं ही माती येई, म्हणून इटालियनांत अशा रेखाटनास सिनोपिया म्हणतात. १९७९ सालीं त्यांच्यासाठीं निराळें संग्रहालय उघडलें गेलें.

अजिंठ्याच्या रेघेला असें निराळें घर मिळालेलें नाहीं, तें बरेंच आहे. ती अद्याप आपल्या जागीं, आपल्या चित्राखालीं आहे. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीवर मंद उजेड सोडलेला असतो आणि दर्शनार्थींची रांग त्यापुढें थांबते. त्याच लेण्यांत व पुढच्या लेण्यांत, रंगाचा थर जेथें तुटला आहे त्या कडांशीं, एखादा खांदा, एखाद्या बोटाचें टोंक, वस्त्राची एखादी निरी नुसत्या गेरूनें ओढलेली दिसते.